पॅसेजमधला लिफ्टवाला

सुधीर, तुझ्या खुर्चीत बसून लिहितेय आणि ही खुर्ची भिकार आहे. इतकी वर्षं हिच्यात बसून तू आमची गाणी लावलीस, पण हिचं एक चाक निखळलंय हे कधी बोलला नाहीस. एक दिवस मी कलंडले आणि कोपर भिंतीवर आपटलं. मानसी खो खो हसली. तू गेल्यावर आपली पोरगी पहिल्यांदा मोकळी हसली ती आईला पडताना बघून, म्हणून मी तिला ओरडले नाही.

तुला जाऊन महिना होऊन गेला. लोक येऊन तुझ्याबद्दल चांगलंचुंगलं बोलून गेले. मनमिळाऊ होता, अडीनडीला धावायचा, सोसायटीची लिफ्ट बंद पडली की जेवण टाकून उठायचा. मी मान डोलावत बसले. मनात म्हटलं, सगळं खरं, पण घरात किती हट्टी होता ते मला विचारा. ते कोणी विचारलं नाही, तेव्हा तुलाच सांगते. भांडणं अर्धी टाकून गेलास, आता ऐकून घे.

आधी हा कॉम्प्युटर. आपलं मुलुंडचं घर मुळात चिमूटभर. त्यात हॉलमधून बाथरूमकडे जाणारा हा अरुंद पॅसेज. तिथलं चपलांचं कपाट तू हलवलंस आणि कुठून कुठून भाग जमवून हा काळा डबा उभा केलास. त्याच्या मागे पेन ड्राइव्हसारखी दिसणारी चार बारकी साउंड कार्डं खोचलीस. प्रत्येकातून एक वायर निघाली आणि भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून, पांढऱ्या पट्टीतून एकेका खोलीत गेली. एक तुझ्या आईंच्या खोलीत, एक माझ्या स्वयंपाकघरात, एक मानसीच्या खोलीत आणि एक, काय सांगावं, बाथरूममध्ये. तिथला स्पीकर तू प्लॅस्टिकच्या डब्यात बसवून वर खिडकीपाशी टांगला होतास. कॉम्प्युटर एक, पण एकाच वेळी चार ठिकाणी चार वेगळी गाणी. आईंच्या खोलीत गावच्या देवळात टेप केलेला दशावतार, माझ्याकडे भावगीतं, मानसीकडे तिचं ते धाडधूड, आणि बाथरूममध्ये जो आत असेल त्याच्या मर्जीचं. आतून फर्माईश ओरडायची, तू बाहेरून लावायचास.

पाहुणे आले की त्यांना चहा मिळायच्या आधी पॅसेज बघावा लागायचा. एकेका खोलीत उभं करून ऐकवायचास. माझी बहीण एकदा म्हणाली, "ताई, भावजींना सांग ना, मला आधी पाणी हवंय." तू तिला पाण्याचा ग्लास हातात देऊन बाथरूममध्ये उभं केलंस.

तू जन्मभर लिफ्टच्या कंपनीत काम केलेला माणूस. तुझ्या डोक्यात मजल्यांशिवाय दुसरं काही यायचंच नाही. कॉम्प्युटरमध्ये खोल्यांना नावं द्यायची तर सरळ 'स्वयंपाकघर' लिहावं की नाही? नाही. आईंची खोली 'तळमजला', माझं स्वयंपाकघर 'पहिला मजला', मानसीची खोली 'दुसरा मजला' आणि बाथरूम म्हणजे 'गच्ची'. मी म्हटलं, अरे, आपण एका फ्लॅटमध्ये राहतो. तू म्हणालास, "लाइट गेली की लिफ्ट तळमजल्यालाच आणून सोडतात. म्हणून आई तळमजला." पुढे काही विचारायची सोय नव्हती.

हे सगळं सुरू कशामुळे झालं ते मानसीला माहीत नव्हतं, परवा सांगितलं. आपल्याकडे तेव्हा हॉलमध्ये एकच डेक होता आणि त्या डेकवरून मी आणि आई समोरासमोर येत होतो. भांडण म्हणावं तर नव्हतं, पण आई दशावतार लावून अंघोळीला जायच्या आणि मी बंद करायचे. मी गाणी लावली की त्या हॉलमध्ये येऊन बसायच्या, दोन मिनिटं ऐकायच्या, आणि "चालूंदे, चालूंदे" म्हणत उठून खोलीत जाऊन दार लावायच्या. ते दार फार जोरात लागायचं नाही, पण मला ऐकू येईल एवढं लागायचं. तू मध्ये पेपर धरून बसायचास. मला वाटायचं, याला काही कळत नाही. आणि एका रविवारी तू ड्रिल मशीन घेऊन भिंतीला भोकं पाडायला बसलास.

त्या दिवसापासून घरातली कटकट संपली, हे मी तेव्हा कबूल केलं नव्हतं, आज करते. आई आपल्या खोलीत राजी, मी माझ्या ओट्यापाशी राजी. मानसी मोठी झाली तशी तिलाही तिचा मजला मिळाला. झकास चाललं होतं. तरी मी तुझ्याशी वाद घालायचे. म्हणायचे, हे काय घर आहे की हॉटेल, ज्याला त्याला आपापलं ताट. एक दिवस तरी सगळ्यांना एकच लाव. तू म्हणायचास, "लिफ्टमध्ये चार माणसं शिरली तर चौघांना एकाच मजल्यावर उतरवू का? त्यांचे घरचे वाट बघत असतात." मी म्हणायचे, इथे घरचेच आत आहेत. तू हसायचास आणि मान खाली घालून कसलीतरी वायर सोलायला लागायचास. हा वाद आपण किती वेळा घातला असेल आणि प्रत्येक वेळी तो अर्ध्यावरच सुटला, कारण मधेच आईंच्या खोलीतून हाक यायची.

ती हाक अख्ख्या मजल्याला पाठ होती. दुपारी जेवून आई आडव्या व्हायच्या, दशावतार चालू असायचा, आणि मध्येच त्यांना कंटाळा यायचा. मग खोलीतून खणखणीत आवाज: "रे झिला, ह्या नको, दुसरा लाव." नव्वदीला टेकलेली बाई, पण आवाज असा की समोरच्या ब्लॉकमधला माणूसही काहीतरी बदलायला उठावा. तू रिटायर झाल्यापासून त्या वेळेला इथेच बसलेला असायचास. "लावतंय गे आये," म्हणायचास आणि लावायचास. बाहेर लिफ्टवाल्यांशी हिंदीत बोलणारा, माझ्याशी मुंबईच्या मराठीत भांडणारा माणूस, या एका वाक्यापुरता गावचा व्हायचा. मला ते ऐकायला आवडायचं. हे सांगायचं राहूनच गेलं बघ.

दुसरा वाद शिकवण्याचा. मी बँकेत अख्खी नोकरी कॉम्प्युटरवर काढली, आणि तू मला या डब्याला हात लावू देत नव्हतास. मी कितीदा म्हटलं, सुधीर, मला दाखव, कुठलं कार्ड कुठल्या खोलीचं. उत्तर ठरलेलं, "मी आहे ना." बरं, गेलास गावाला चार दिवस तर? "तोपर्यंत मोबाइलवर ऐका." एकदा तर मी चिडून एक आठवडा गाणीच लावायला सांगितली नाहीत. तुझ्या लक्षातसुद्धा आलं नाही, कारण मी न सांगताच तू लावत होतास आणि बरोब्बर माझ्या आवडीची लावत होतास. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, यार.

पण एक गोष्ट मी तुला विचारायला हवी होती आणि विचारली नाही. तुला स्वतःला काय आवडायचं? मानसीने विचारलं परवा, "आई, बाबांचं आवडतं गाणं कुठलं गं?" तीसेक वर्षं एका घरात काढली आणि मला सांगता येईना. तुझा मजलाच नव्हता. पॅसेजमध्ये तुझ्या कानावर सगळं एकदम पडायचं, इकडून मृदंग, तिकडून माझं भावगीत, पाठीमागे मानसीचे ड्रम. त्या जागी पाच मिनिटं उभं राहिलं तरी माझं डोकं उठायचं, आणि तू तिथे मजेत वायरी सोलत बसायचास. कदाचित तुला तेच आवडत असेल. कदाचित तू आमच्यासाठी सोसत असशील. मला खरंच माहीत नाही, सुधीर, आणि ते माहीत नाही म्हणून मी त्या दिवशी भांडी घासता घासता रडले. मग मानसीने येऊन भांडी घासली आणि नीट घासली नाहीत, म्हणून रडणं थांबवून परत घासली.

तुझी माझी भेटच मुळी आवाजावरून झाली. घाटकोपरला आमच्या ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आत मी एकटी. बाहेरून तुझा आवाज आला, "मॅडम, घाबरू नका. काहीतरी म्हणत राहा, म्हणजे कळेल डबा कुठे अडकलाय. गाणं येत असेल तर गाणं म्हणा." मी कसलं गाणं म्हणतेय. संतापून सत्तावीसचा पाढा म्हटला. दार उघडल्यावर समोर तू, हाताला ग्रीस, आणि पहिलं वाक्य काय तर, "सत्तावीस आठे चुकलं तुमचं." तेव्हाच कळायला हवं होतं की या माणसाशी आयुष्यभर वाद होणार आहे.

असो. आता तू गेल्यानंतरचं सांगते, कारण तिथे एक घोळ झाला आणि तो निस्तरायला तू नव्हतास.

सुतकात अर्थातच सगळं बंद होतं. गाणी नाहीत, टीव्ही नाही. घर एवढं गप्प की फ्रिज चालू झाला तरी दचकायला व्हायचं. आई त्यांच्या खोलीत. यायच्या-जायच्यांशी थोडं बोलायच्या, पण माझ्याशी नाही. म्हणजे रागाने नाही. मी समोर गेले की त्या माझ्याकडे बघायच्या, मी त्यांच्याकडे, आणि दोघींनाही काही सुचायचं नाही. इतकी वर्षं आमच्या मध्ये तू होतास, दोघींचं दोघींना पोचवायला. तू एकदम मधून उठलास आणि आम्हाला कळेना, आता बोलायचं कसं. जेवणाचं ताट मी नेऊन ठेवायचे, त्या अर्धी भाकरी चिवडायच्या. "भूक नाय गो माका." एवढंच. डॉक्टर म्हणाले, या वयात असं करून चालणार नाही, दुःख आहे पण पोटात काही गेलं पाहिजे, माणसात बसवा त्यांना. बसवा म्हणायला काय जातं.

मी ठरवलं, तेराव्याला गोडाचं जेवण झालं की आईंच्या खोलीत आधी दशावतार लावायचा. तो ऐकला की त्या उठून बसतील, दोन घास खातील. मला एवढंच पाहिजे होतं. मुलगा गेला, तो काही मी आणून देऊ शकत नव्हते. निदान त्यांचं जेवण आणि त्यांचा मृदंग, एवढं या घरात चालू राहावं.

आता तेरावं म्हणजे गावाहून माणसं येणार. आणि माणसं येणार म्हणजे मी काय करणार? घर पुसणार. आदल्या दिवशी ओला फडका घेऊन मी पॅसेजमध्ये आले. तुझ्या डब्यामागे धूळ केवढी, बाप रे, हात घातला तर बोटं काळी. मी ती चारही कार्डं उपसली, वायरींसकट छान पुसली, भोकंसुद्धा कोरड्या ब्रशने साफ केली आणि जिथे जागा दिसली तिथे परत खोचली. चार भोकं, चार कार्डं, हिशेब बरोबर. मला काय माहीत, त्या कॉम्प्युटरला कार्डाचा चेहरा ओळखता येत नाही, तो भोकावरून ओळखतो. तुझे सगळे मजले मी फडक्याने इकडचे तिकडे केले.

तेराव्याला जेवणं उरकली. तुझा चुलतभाऊ बाळादादा कुडाळहून आला होता, तो तेलकट हात धुवायचे म्हणून बाथरूममध्ये गेला. मी खुर्चीत बसले. स्क्रीनवर तळमजला शोधला, त्याच्यावर दशावताराची फाइल लावली. तुझंच नाव दिलेलं होतं, 'आये – राक्षस'. म्हटलं चला, बाकीच्या मजल्यांवर पण काहीतरी हळू आवाजात लावते, घर जरा जागं होईल. दाबलं.

सुधीर, वाट लागली. बाथरूममध्ये राक्षसाने आरोळी ठोकली. तुझ्या त्या डब्यातल्या स्पीकरचा आवाज वर खिडकीतून फिरून दुप्पट होतो हे तुला माहीत आहे. बाळादादा साबणाच्या हातांनी कडी काढून बाहेर आला, तोंड पांढरं, आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "आत कोण आसा?" स्वयंपाकघरात भांडी पुसत असलेल्या माझ्या बहिणीच्या डोक्यावर मानसीचे ड्रम सुरू झाले, तिच्या हातून पातेलं सुटलं. मानसीच्या खोलीत कोणी नव्हतं, तिथे माझं भावगीत निवांत वाजत होतं. आणि आईंच्या खोलीत, जिथे राक्षस पाहिजे होता, तिथे बाथरूमसाठी म्हणून मानसीने कधीतरी ठेवलेलं कसलंतरी इंग्रजी नाचाचं गाणं. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. तेराव्याचं घर, भिंतीला तुझा फोटो, हार, आणि हा प्रकार. मी स्क्रीनवर दिसेल ते दाबत होते, आणि दाबलं की दुसरीकडे काहीतरी वाढत होतं. मानसी हसू दाबत उशीत तोंड खुपसून बसली होती. तू असतास तर जमिनीवर लोळला असतास.

आणि तेवढ्यात आईंच्या खोलीतून हाक आली. "रे झिला, ह्या नको, दुसरा लाव."

नेहमीसारखीच, खणखणीत. सवयीने आली होती. बाळादादा साबणाचे हात तसेच धरून उभा. मी प्लगच ओढला, मेन लाइनचा. मग खोलीतून खूप हळू आवाज आला, "बंदच ठेव गो ता. माका काय नको."

मी आत गेले. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी त्यांच्या पायाशी बसले. त्यांनी पाय आखडून घेतले, मला जागा व्हावी म्हणून की मी नको म्हणून, ते मला समजलं नाही. मी उठून आले.

त्या दिवसापासून त्यांच्या खोलीत काहीही लावायचं नाही असा हुकूम झाला. दार लोटलेलं. जेवण आणखी कमी. मला तुझा असा राग आला म्हणून सांगू. 'मी आहे ना' म्हणणारा कुठे आहेस आता, असं मी या कॉम्प्युटरला मोठ्याने विचारलंसुद्धा. मग दुसऱ्या दिवशी चहा घेऊन इथे बसले. म्हटलं, नाही शिकवलंस ना, मी शिकते.

मानसीने रजा टाकली. मी एकेका मजल्यावर गाणं लावायचे आणि ती घरभर फिरून ओरडायची. "दुसरा मजला लावला, कुठे वाजतंय?" "किचनमध्ये!" "तळमजला?" "बाथरूम!" शेजारच्या काकूंनी दार उघडून विचारलं, काही शोधताय का. मानसी म्हणाली, "हो, तळमजला हरवलाय आमचा." शेवटी कार्डं उपटून, परत खोचून, नावं बदलून सगळं जागेवर आलं. मानसी म्हणाली, आई, आता तरी खोल्यांची साधी नावं देऊया. मी म्हटलं, खबरदार. तळमजला तळमजलाच राहील. चार वायरींवर मी नेलपॉलिशचे ठिपके दिले आहेत, म्हणजे परत पुसलं तरी गोंधळ नको. तुला हे सुचलं नव्हतं, हे मुद्दाम नोंदवून ठेवते.

सगळं चालू झालं, पण ज्यासाठी केलं तेच होईना. मी आईंच्या दाराशी जाऊन म्हणायचे, आई, लावू का आता? बरोबर लागतं आता. त्या मान हलवायच्या. मी एकदा न विचारता हळूच लावलं, तर त्यांनी स्पीकरवर उशी ठेवली. मानसी म्हणाली, आई, जरा दम धर. मी दम धरणाऱ्यांपैकी नाही, तुला माहीत आहे. पण धरला.

गेल्या आठवड्यात दुपारी मी इथे बसून स्वयंपाकघरासाठी काहीतरी शोधत होते. मागे काठीचा आवाज आला. बघते तर आई. खोलीतून पॅसेजपर्यंत एकट्या, भिंतीला धरून. मी उठायला लागले तर म्हणाल्या, "बस, बस. ह्या खंय दाबूचा ता माका दाखय."

मला काही कळेना. म्हटलं, आई, तुम्ही सांगा काय पाहिजे ते, मी लावते ना. त्या स्टुलावर टेकल्या, काठी मांडीवर घेतली. म्हणाल्या, "हांक मारून तो आता येवचो नाय. हांक मारूची सवय लय वायट गो, तोंडातून आपसूक जाता. मगे माजा मीच लावतंय. शिकय माका."

सुधीर, मी तुझ्या त्या खुर्चीत बसून रडले. त्या नाही रडल्या. माझ्या पाठीवर हात ठेवून स्क्रीनकडे बघत बसल्या, माझं आटपायची वाट बघत. मग मी त्यांचा हात माऊसवर ठेवला आणि वर माझा हात. त्यांच्या हाताला कापरं आहे, बाण नुसता माशीसारखा फिरत होता. मी म्हटलं, हा तळमजला, इथे दाबा. त्यांनी दाबलं, पण बाण घसरला आणि पहिल्या मजल्यावर लागलं. स्वयंपाकघरात मृदंग सुरू झाला. मी म्हटलं, थांबा, बदलते, तुमच्या खोलीत लावते.

"आसांदे," आई म्हणाल्या. "थंय वाजता तर थंय बसतंय."

आणि आल्या, रे, स्वयंपाकघरात. मी लसूण घेऊन बसले, त्यांनी मूठभर आपल्याकडे ओढला. कापऱ्या हातांनी एक पाकळी सोलायला अर्धा अंक लागतो, पण सोलतात. मध्येच मला सांगतात, हा आता राजा येईल, ही त्याची राणी, म्हणजे पुरुषच बाईचं सोंग घेऊन, आणि हा जो खोकला ऐकू येतो तो तुझ्या बाबांचा, पुढच्या रांगेतला. मला इतकी वर्षं त्या आवाजात फक्त आरडाओरडा ऐकू येत होता. त्यात माझे सासरे खोकताहेत हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मग मी उठून भाकरी टाकली, तव्यावरची गरम तशीच पुढे केली आणि त्यांनी ती लसणाच्या चटणीशी खाल्ली. अख्खी. मी काही बोलले नाही, नाहीतर थांबल्या असत्या.

जेवून झाल्यावर म्हणाल्या, "तुका ह्या आवडता?"

खोटं कशाला बोलायचं. मी म्हटलं, "नाही आई."

"मगे उद्या तुजा लाव," म्हणाल्या. "एक दिस माजा, एक दिस तुजा."

तेव्हापासून असंच चाललंय. दुपारी त्या काठी टेकत येतात, स्वतः दाबतात, निम्म्या वेळा बाथरूममध्ये लागतं. मग मी दुरुस्त करते आणि आम्ही ओट्यापाशी बसतो. त्या जेवतात, मानसीपेक्षा जास्त. तुला वाटेल, जिंकली ही, शेवटी सगळ्यांना एकच लावलं हिने. तसं काही नाही. तू ती भोकं पाडली नसतीस तर आम्ही दोघी एवढी वर्षं एका घरात धडपणे राहिलोच नसतो, हे मला कळतं. ज्याचं त्याला देऊन तू आम्हाला टिकवलंस. पुढचं तुझ्याकडून राहिलं होतं, ते तुझ्या आईने केलं.

आज माझी पाळी होती. मी माझी भावगीतं लावली. आईंनी दोनदा तोंड वाकडं केलं, एकदा "चालूंदे, चालूंदे" म्हणाल्या. पण उठून गेल्या नाहीत.